पश्चिमेची खिडकी, मे महिना आणि मॉन्स्टेरा: उजेड नेमका किती द्यायचा?

पिंप्राळेकर
नमस्कार मंडळी. जळगावात दुसऱ्या मजल्यावर राहते. हॉलला एकच मोठी खिडकी, तीही पश्चिमेला. स्वयंपाकघराची पूर्वेला आणि बेडरूमची दक्षिणेला, वर दोन फुटांचा छज्जा. नणंदेने नाशिकहून मॉन्स्टेरा (मोठ्या कापाकापांच्या पानांचा तो शोभेचा वेल) आणून दिलाय. कुंडीला चिठ्ठी होती, 'ब्राइट इनडायरेक्ट लाइट'. म्हणजे ऊन नको पण उजेड भरपूर, इतपत कळतं. पण भरपूर म्हणजे किती?
सध्या तो हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहे. नवीन आलेलं पान तळहाताएवढं, त्याला एकही काप नाही. देठ मात्र हातभर लांब आणि सगळं झाड खिडकीकडे मान वाकडी करून उभं. खिडकीत सरकवावा तर दुपारी चारनंतर तिथल्या ग्रिलला हात लावता येत नाही. आणि आता मार्च संपत आलाय, म्हणजे त्याच खिडकीत कूलर बसणार.
ठेवू कुठे? आणि रात्री ट्यूबलाइट चालू असते, ती धरायची का?

भुसावळचा_भो
आमच्याकडे मे महिन्यात माणसालाच ब्राइट इनडायरेक्ट लाइटमध्ये ठेवावं लागतं भो. झाडाचं नंतर बघू.

धुळेकर_मुक्ता
ताई, लांब देठ आणि लहान पान ही उजेड कमी पडत असल्याचीच खूण. पाणी-खत बदलू नका, आधी जागा बदला. हॉलमधल्या टीव्हीशेजारी झाड जगतं, वाढत नाही.

आडवाटेचा
मला कळत नाही, ट्रॉपिकल झाड ना? मग उन्हाला काय घाबरायचं? उष्ण प्रदेशातलंच आहे की. ठेवा गच्चीत, होईल सवय.

धुळेकर_मुक्ता
@आडवाटेचा, नका हो असं सांगू कुणाला. मॉन्स्टेरा दक्षिण मेक्सिको ते पनामा या पट्ट्यातल्या दमट जंगलातला वेल आहे. तिथे तो मोठ्या झाडांच्या बुंध्याला धरून वर चढतो, डोक्यावर पानांचं छत असतं. उष्ण प्रदेश खरा, पण उन्हात उभं राहणारं झाड नव्हे ते. गंमत म्हणजे याच्या जातभाईंचं बी रुजलं की कोंब आधी अंधाराकडे सरपटतो, कारण जंगलात सगळ्यात गडद सावली असते ती जाड बुंध्याची. बुंधा सापडला की मग उजेडाकडे वर.
गच्चीतल्या मे महिन्याच्या उन्हात काय होतं ते शेजाऱ्यांच्या झाडावर बघितलंय. पानावर शिरांच्या मधला भाग आधी पांढुरका पडला, बोट लावलं तर पतंगाच्या कागदासारखा कुरकुरीत. दोन दिवसांत त्याच्या कडेने तपकिरी रेघ. तो डाग परत हिरवा होत नाही, पान गळेपर्यंत तसाच राहतो.

आडवाटेचा
बरं बुवा. मग आपल्याकडे कडुलिंब आहे, करंज आहे, ती लावा की. परदेशी पाहुणे आणायचे आणि मग त्यांच्यासाठी पडदे शिवायचे!

भुसावळचा_भो
कडुलिंब हॉलमध्ये कुठे ठेवता, तेवढं सांगा.

छज्जावाला
घरांचे नकाशे काढणं हा माझा धंदा, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.
नेटवर झाडांबद्दल जे सल्ले मिळतात ते बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या घरांसाठी लिहिलेले असतात. 'दक्षिणेच्या खिडकीत सगळ्यात प्रखर ऊन, तिथून झाड लांब ठेवा' हे लंडनला ठीक. तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच. आपलं जळगाव 21 अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या आत. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारीसुद्धा तो किंचित उत्तरेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून सूर्य आत येतच नाही.
आता छज्ज्याचं गणित. 21 मार्चला इथे दुपारचा सूर्य क्षितिजापासून साधारण 69 अंशांवर असतो. दोन फुटांच्या छज्ज्याची सावली त्या वेळी भिंतीवर पाच फुटांहून जास्त खाली येते, चार फुटी खिडकी पूर्ण झाकली जाते. तिथून सप्टेंबर अखेरपर्यंत हीच परिस्थिती. उजेड येतो तो आभाळाचा आणि समोरच्या भिंतीवरून परतलेला. डिसेंबरमध्ये दुपारचा सूर्य 45 अंशांच्या आसपास उतरतो, मग सावली जेमतेम दोन फूट आणि खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून ऊन आत. पण ते थंडीतलं ऊन, तेवढं झाडाला चालतं.
आपला खरा वैरी पश्चिमेची खिडकी. दुपारी चारनंतर सूर्य खाली आलेला असतो, छज्जा कितीही काढा, उपयोग शून्य. त्यात भिंत दिवसभर तापलेली. उत्तरेच्या खिडकीत मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं, ते बघून लोक चक्रावतात.
तुमच्यासाठी: बेडरूमची दक्षिण खिडकी, काचेपासून दोन-तीन फुटांच्या आत. दुसरा पर्याय पूर्वेचं स्वयंपाकघर. हॉलचा नाद सोडा.

तापीकाठ
@छज्जावाला, सुंदर लिहिलंत. इतकी वर्षं दक्षिण म्हटलं की आम्ही दचकत होतो. एक विचारू का, आमच्या गावाकडे जुनं धाब्याचं घर आहे. खिडक्या नावाला, पण छताला साणं, म्हणजे उजेडासाठीचा झरोका आहे. त्याच्या खाली तुळशीची रोपं करायची आजी. तसं साणं मॉन्स्टेराला चालेल?

छज्जावाला
साण्याचा उजेड वरून येतो आणि आभाळाचा बराच मोठा तुकडा दिसतो, त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या खिडकीपेक्षा तो जास्त मिळतो. शिवाय झाड एका बाजूला कलत नाही. फक्त मेमध्ये दुपारी उन्हाचा कवडसा सरळ खाली पडतो, तो पानावर तासभर टिकत असेल तर काचेवर चुन्याचा हात मारा. पत्र्याच्या शेडवाले तेच करतात.

अहिराणी_माय
साना खाले आम्हना भाऊ झोपे. झाडले जागा कथाइन देवो माय.

लक्स_बघणारा
ट्यूबलाइटचं उत्तर कुणी दिलं नाही म्हणून. मोबाइलवर उजेड मोजायचं फुकट ॲप मिळतं. फोनचा सेन्सर स्क्रीनच्या बाजूला वर असतो, म्हणून स्क्रीन खिडकीकडे करून पानाच्या उंचीवर धरायचा. आकडा शंभर टक्के बरोबर नसतो, पण दोन जागांची तुलना झकास होते.
अंदाज यावा म्हणून: भर दुपारच्या उघड्या उन्हात साधारण 1 लाख लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप). सावलीत पण उघड्यावर, म्हणजे ओट्यावर वगैरे, 10 हजारांच्या आसपास. खिडकीजवळ 2 ते 5 हजार. खोलीच्या आतल्या कोपऱ्यात 200-300. रात्री ट्यूबखाली सोफ्यावर 100 ते 300. आपल्याला हे सगळं सारखंच लख्ख वाटतं, कारण डोळा उजेडाशी जुळवून घेऊन फरक झाकून टाकतो. झाडाला ती सोय नाही.
पानांच्या शोभेच्या झाडांचा ढोबळ हिशेब असा. हजाराच्या खाली असेल तर नुसती जगतात. हजार ते 5 हजारांत बऱ्यापैकी वाढतात, त्याच्या वर 10 हजारांपर्यंत मॉन्स्टेरासारखा वेल खूश. आणि हे दोन मिनिटांचं नाही, दिवसातले आठ-दहा तास मिळायला हवं. त्यामुळे रात्रीच्या ट्यूबचं योगदान जवळपास नाहीच.

आडवाटेचा
ॲप, सेन्सर, लक्स... आमच्या काकूंचा मनी प्लांट व्हिस्कीच्या बाटलीत, फ्रिजवर, वर्षानुवर्षं. त्याला कुणी मोजलं नाही.

लक्स_बघणारा
मनी प्लांट तो मनी प्लांट. मूळ ताहितीजवळच्या मोओरेआ बेटावरचा, आता अर्ध्या जगात रानोमाळ पसरलाय. तो कुठेही तग धरतो. पण काकूंच्या वेलाचं पान केवढं आणि आंब्याच्या झाडावर चढलेल्या मनी प्लांटचं केवढं, हे बघा एकदा. तीच जात आहे. बाटली मात्र चांगली असणार!

केळीबाग_रावेर
राम राम मंडळी. घरातल्या झाडांचं मला कळत नाही, पण रोपाला उजेडाची सवय कशी लावायची हे आमच्याकडे शेंबडं पोरगंही सांगेल. टिश्यू कल्चरची केळीची रोपं प्रयोगशाळेत बाटलीत वाढतात. तिथून थेट शेतात नेली तर दुपारपर्यंत झोपतात. म्हणून आधी हरितगृह, मग शेडनेट, तिथे काही आठवडे काढल्यावर शेत. त्यातूनही उन्हात लावण करायची पाळी आलीच तर रोपाच्या बाजूला ताग पेरतो, अंगावर सावली पडावी म्हणून. पश्चिमेच्या बांधाला शेवरी, गरम वारा अडवायला. आणि तीच केळी मोठी झाली की आमच्या मेच्या उन्हात पाणी असेल तर ताठ उभी.
ताई, तुमचा वेल कोपऱ्यातला आहे. तो एकदम उजेडात नेऊ नका. आधी खिडकीपासून पाच-सहा फुटांवर, आठवड्याने थोडा पुढे, असं करत न्या. कोपऱ्यात निघालेलं पान पातळ असतं, त्याला झेपत नाही.

धुळेकर_मुक्ता
+१. आणि हे ठेवलेल्या जागेइतकंच महत्त्वाचं आहे. नर्सरीतून आणलेलं झाडही आधी नर्सरीत कुठे होतं ते विचारून घ्यावं. शेडनेटखालचं असेल तर नेट किती टक्क्यांचं, तेही. 50 टक्क्यांचं आणि 75 टक्क्यांचं यात उजेड निम्म्याने बदलतो.

आता_पुण्यात
मूळची चाळीसगावची. पुण्यात खिडकीत काहीही ठेवलं तरी चालतं, पण माहेरी तेच झाड मरतं. आई म्हणते पुण्याच्या झाडांना खान्देश सोसत नाही, सुनांसारखं.

भुसावळचा_भो
सुनांचा धागा वेगळा काढा. इथे आग लागेल.

नंदुरबारचे_नाना
एक मुद्दा राहिलाय, तो माझ्या मते आपल्या भागापुरता सगळ्यात मोठा. आपण उन्हाळ्यात घर अंधारं करतो. सकाळी नऊला खिडक्या बंद, जाड पडदे ओढायचे, कुठे ओलं गोणपाट, कुठे वाळ्याचे पडदे. संध्याकाळी सहाला उघडायचं. बाहेर वर्षातला सर्वांत जास्त उजेड आणि घरात वर्षातला सर्वांत कमी. म्हणजे मे महिन्यात घरातलं झाड उन्हाने नव्हे, उपासमारीने मरतं. वरून माणूस काय करतो? उन्हाळा आहे म्हणून पाणी दुप्पट घालतो. अंधारातलं झाड ते पाणी पीत नाही, मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात. मग आपण म्हणतो, ऊन लागलं.
उन्हाने करपलेलं पान कोरडं, डाग फक्त उजेडाच्या बाजूला. पाणी जास्त झालेलं पान मऊ पडून खालून पिवळं होत जातं. हा फरक नीट बघा, नाहीतर उपाय उलटाच होतो.

पिंप्राळेकर
नाना, अगदी बरोबर. आमच्याकडेही मेमध्ये दिवसा लाइट लावून भाजी निवडतो.
सगळ्यांचे आभार. पण बेडरूमचा प्रश्न असा की सासरे दुपारी तिथेच झोपतात आणि पडदा जाड हवा. तिथे दुपारी बारा ते चार अंधार. मग स्वयंपाकघरच उरतं. तिथे सकाळचं ऊन साडेआठ-नऊपर्यंत ओट्यावर येतं. ते चालेल का? आणि कूलरशेजारी स्टूलवर ठेवलं तर?

छज्जावाला
सकाळचं पूर्वेचं ऊन चालेल, मेमध्येसुद्धा. नऊनंतर पांढरा पातळ पडदा ओढायचा. जुनं धोतर किंवा मलमल उत्तम, उजेड पसरवून आत सोडतं. हिरवं नेट खिडकीला लावू नका, त्याने उजेड कमी होतोच, शिवाय झाडाला लागणारा लाल-निळा भागही अडतो.
कूलरची हवा दमट असते, ती मॉन्स्टेराला आवडेल, पण झोतासमोर नको. आणि कूलर बसला की त्या खिडकीत वरची वीतभर काच उरते, बाकी सगळं पत्र्याने झाकलेलं. उजेड काय मिळणार?

गृहिणी_अमळनेर
स्वयंपाकघरात ठेवणार असाल तर फोडणीपासून लांब हो. तेलाचा धूर पानावर बसतो, त्यावर आपली धूळ, आणि पंधरा दिवसांत पान बोटाला चिकटतं. असं मातीचा लेप चढलेलं पान उजेडात ठेवून काय फायदा? आठवड्यातून एकदा ओल्या सुती फडक्याने पुसायचं, खालून एका हाताचा आधार देऊन. आंधी येऊन गेल्यावर तर लगेच. पानांना चमक यावी म्हणून खोबरेल लावणारे पण आहेत, तसलं काही करू नका.
आणि घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर उंचावर ठेवा. मॉन्स्टेरा, मनी प्लांट, सगळी एकाच कुळातली. चावलं तर तोंडाची आग होते. आपल्या अळूसारखंच, तेही याच कुळातलं.

अहिराणी_माय
अळूनी भाजी ते आम्ही खातस. मॉन्स्टेरानी फतफतं करी पाहू का?

गृहिणी_अमळनेर
नका, माय! अळू चिंच घालून शिजवतात ते उगाच नाही. हे शिजवायच्या भानगडीत पडू नका.

वास्तू_बघणारे_बापू
ईशान्येला झाड, पश्चिमेला नको. आमच्या शास्त्रात आधीच लिहिलेलं आहे. इतकं मोजमाप करायची गरजच नव्हती.

लक्स_बघणारा
बापू, ईशान्येला सकाळचं कोवळं ऊन येतं, त्यामुळे या वेळी तुमचं-आमचं जुळलं. टिपून ठेवतो.

रात्रपाळी
मी दिवसा झोपतो, माझं घर कायम बंद. सरळ एलईडी लावलाय. गुलाबी-जांभळे दिवे विकतात ते घेऊ नका, घर लग्नाच्या मांडवासारखं दिसतं आणि पानाचा खरा रंगही कळत नाही. साधा पांढरा 9 वॅटचा बल्ब, शेड लावून, झाडाच्या शेंड्यापासून फूटभर वर. तेवढ्या अंतरावर साधारण दीड हजार लक्स मिळतात, शेड चांगली असेल तर जास्त. दोन फुटांवर नेला तर ते पावपट होतात, म्हणून छतातल्या दिव्यावर झाड वाढत नाही. रोज बारा तास धरले तर महिन्याला सव्वातीन युनिट. टायमरचा प्लग मिळतो, तो घ्या, नाहीतर रात्रभर चालू राहतो. झाडालाही काळोख लागतो.
मोठ्या मॉन्स्टेराला एक बल्ब पुरणार नाही, दोन-तीन लागतील. अग्लोनिमा, झीझी, स्नेक प्लांट यांना एकात भागतं.

आडवाटेचा
स्नेक प्लांट आमच्याकडे जिन्याखाली आहे. दिवाही नाही. जिवंत आहे.

नंदुरबारचे_नाना
नवीन पान कधी आलं होतं?

आडवाटेचा
...ते विचारू नका.

तापीकाठ
मला एक सांगा, मॉन्स्टेराच्या पानाला काप का पडतात? उजेड कमी असेल तर नेमके कापच का जातात?

धुळेकर_मुक्ता
कोवळ्या वेलाला काप नसतातच, वय वाढलं आणि उजेड पुरेसा मिळाला की पडतात. पान कळीत गुंडाळलेलं असतानाच तिथल्या पेशी मरून भोकं तयार होतात, म्हणून उघडलेल्या पानाला नंतर काप पडत नाहीत. ताई, तुमचं ते तळहाताएवढं पान तसंच राहणार, वाट बघू नका. पुढची बघा.
का पडतात यावर मतं बरीच आहेत. ख्रिस्तोफर म्युर नावाच्या संशोधकाने 2013 साली असं मांडलं की जंगलात ऊन कवडशांनी येतं, कुठे पडेल नेम नाही. तेवढ्याच पेशींत भोकांचं पान जास्त जागा व्यापतं, त्यामुळे कवडसा हुकण्याची शक्यता कमी. मला हे पटतं. वाऱ्यासाठी, पावसाचं पाणी खाली जाण्यासाठी, असंही लोक म्हणतात.

केळीबाग_रावेर
वाऱ्याने पान फाटायचं म्हणाल तर आमच्या केळीला काप आधी लागत नाहीत, वारा येऊन पाडून जातो.

पिंप्राळेकर
ठरवलं ते सांगते. पूर्वेच्या खिडकीजवळ, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, गॅसपासून लांब स्टूल. सुरुवातीला खिडकीपासून पाच फुटांवर. फोनवर तिथे सकाळी दहाला बाराशे दाखवतं, खिडकीला लागून चार हजार. टीव्हीशेजारी एकशेऐंशी होतं! थंडीत सासऱ्यांचा पडदा उघडा असतो, तेव्हा दक्षिणेला नेईन.
आता शेवटचा प्रश्न. कुंडी फिरवत राहायची की वेल जिकडे कलतोय तिकडे कलू द्यायचा?

लक्स_बघणारा
झुडपासारख्या झाडांची कुंडी फिरवावी. मॉन्स्टेरा वेल आहे, त्याला पुढची आणि मागची बाजू असते. हवेतली मुळं फुटतात ती मागची. त्या बाजूला काठी, पानं खिडकीकडे, आणि मग हलवायचं नाही. सारखी फिरवली तर देठ पिळवटत राहतात.

केळीबाग_रावेर
मॉस स्टिकला (शेवाळाच्या तयार काठीला) पैसे घालू नका. काथ्या गुंडाळलेला बांबू घ्या आणि काथ्या ओला ठेवा. बांबू कुंडीच्या तळापर्यंत गेला पाहिजे, नाहीतर वेलासकट आडवा होईल.

अहिराणी_माय
आनी वेल वाढना म्हंजे माले बी एक कांडी द्या. साना खाले लावसू, भाऊले सरकाडी.